आठवं पान

चष्मेवालीला त्या दिवशी गजराच्या आधीच जाग आली. डोळे उघडताच पहिली गोष्ट मनात आली ती ही, की आज आपण आपल्या सासूची परीक्षा घेणार. किती सुनांच्या नशिबात असा दिवस येतो? ती उशीत तोंड खुपसून हसली.

तिचं पोटापाण्याचं काम चष्म्याच्या दुकानात. लोकांना खुर्चीत बसवायचं, समोरची अक्षरं वाचायला लावायची आणि नंबर काढायचा. पाव नंबराचा फरकसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नाही असा तिचा लौकिक होता, आणि तो तिला स्वतःला जरा जास्तच माहीत होता. जीव मात्र अडकलेला होता पत्त्यांत. पत्ते म्हटल्यावर नाक मुरडणारे खुशाल मुरडोत. हा पैसे लावून खेळायचा खेळ नव्हे. दोन खेळाडू समोरासमोर बसतात. दोघांना चाळीस-चाळीस पानांच्या सारख्याच गड्ड्या. सुरुवातीला सात पानं हातात, बाकीचा ढीग प्रत्येकाच्या उजव्या हाताला लाकडी तबकात पालथा. दर पाळीला ढिगातून एक पान उचलायचं आणि हातातलं एक टेबलावर टाकायचं. म्हणजे पाळी संपली की हातात पुन्हा सातच. ऐकायला सोपं वाटतं, पण खेळायला बसलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. आणि वाद झाला की कुणीतरी हात वर करून ओरडतं, "पंच!"

रीत अशी, की स्वतःची चूक स्वतःच्या लक्षात आली तरी हात वर करायचा. स्वतःविरुद्ध हात वर करणाऱ्याकडे कुणी पुरावा मागत नाही, आणि त्याला हाकलतही नाहीत. ताकीद देतात, बस. ह्या एका रीतीवर चष्मेवाली फिदा होती. कॉलेजात असताना पहिल्यांदा हा खेळ पाहिला तेव्हा एक दांडगा गडी स्वतःच्याच चुकीसाठी हात वर करून उभा होता, आणि तिने तिथेच ठरवलं होतं की आपण ह्या लोकांत राहायचं.

पंच मात्र कुणीही उठून होत नाही. त्याला संघटनेची परीक्षा द्यावी लागते, आधी लेखी, मग प्रत्यक्ष, आणि ती घेणारा परीक्षकही परवान्याचा लागतो. चष्मेवालीला परवाना मिळून चार महिने झाले होते, तोही एका वर्षाच्या बोलीवर. वर्षभरात एक मोठी चूक झाली, की परवाना परत. आजची परीक्षा ही तिने एकटीने घ्यायची पहिलीच.

सासूबाईंची मात्र तिसरी.

सासूबाईंनी एकतीस वर्षं औषधांच्या कारखान्यात, पॅकिंगमध्ये काढली होती. खोक्यात गोळ्यांच्या पट्ट्या किती ते मोजायचं आणि सही करायची. निवृत्त झाल्यावर सहा महिने त्यांनी घरातले चमचे मोजून सगळ्यांना हैराण केलं. मग एकदा सुनेचा विसरलेला डबा द्यायला म्हणून पत्त्यांच्या मंडळाच्या हॉलवर गेल्या आणि तीन तास तिथेच उभ्या राहिल्या. डबा तसाच हातात. त्यांना खेळ फारसा आवडला नाही, पंच आवडला. "काय रुबाब गं त्याचा! तो आला की सगळे मुकाट्याने पानं खाली ठेवतात," असं घरी सांगताना त्यांचे डोळे लकाकत होते. दुसऱ्याच आठवड्यात त्या पंचाचं काळं जाकीट विकत घेऊन आल्या. परीक्षेचा अर्ज अजून भरायचा होता.

ते जाकीट दीड वर्ष कपाटात लटकत होतं, गळ्यापाशी दुकानाची चिठ्ठी तशीच. पहिल्या परीक्षेत सासूबाईंनी खेळाडूंचं म्हणणं ऐकायच्या आधीच निकाल देऊन टाकला. निकाल बरोबर होता, तरी नापास. दुसऱ्या वेळी त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग चुकलेल्या खेळाडूला असं काही फैलावर घेतलं, की तो परीक्षेपुरतं खेळाडूचं सोंग घेतलेला माणूस असूनही त्याने खरोखरची माफी मागितली. पुन्हा नापास. आता तिसऱ्यांदा नापास झालं, की नियमाप्रमाणे दोन वर्षं दार बंद.

"दोन वर्षांनी मी सहासष्टची होईन," त्या मागच्या आठवड्यात म्हणाल्या होत्या. "तेव्हा मलाच सांभाळायला पंच लागेल." हसतच म्हणाल्या, पण त्यानंतर दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

सकाळी चहा घेताना सासूबाईंनी जाहीर केलं, "हॉलमध्ये मी तुला परीक्षक म्हणणार आणि अहो-जाहो करणार. तूही मला आई म्हणायचं नाहीस. उमेदवार क्रमांक सहा."

"बरं, आई."

"बघ! इथेच चुकलीस."

"तुमच्यापैकी कुणीही एक नापास झालं तर मी आठवडाभर बाहेर जेवणार," चष्मेवालीचा नवरा म्हणाला.

"तू गप्प बस आणि आम्हाला हॉलवर सोड," दोघी एकदमच म्हणाल्या.

मंडळाचा हॉल टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर होता. एरवी तिथे टेबल टेनिस चालायचं. ती टेबलं आज घडी करून भिंतीला लावली होती. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे वर्षानुवर्षं कुणी मागे केलं नव्हतं. चष्मेवालीने सासूबाईंना खालच्या बाकावर इतर उमेदवारांत बसवलं आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर आली. सहा बाकं मांडली, प्रश्नपत्रिका पालथ्या ठेवल्या, पेन्सिलींना टोकं काढली. तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं, आणि कुणी नव्हतं म्हणून तिने म्हटलंही, बेसूर.

मग ती खरी गंमत असलेल्या टेबलाकडे वळली. त्याला मंडळात सोंगाचं टेबल म्हणतात. त्यावर एक डाव अर्धा खेळल्यासारखा मांडून ठेवायचा आणि त्यात एक चूक मुद्दाम पेरायची. दोन माणसं खेळाडूंचं सोंग घेऊन भांडतात, उमेदवाराने पंच होऊन यायचं आणि निकाल द्यायचा. आजचे सोंगाडे होते कोपऱ्यावरचा बेकरीवाला आणि गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. आजची चूक अशी ठरली होती: चौथ्या पाळीला बेकरीवाल्याने एकाऐवजी दोन पानं उचलली. म्हणजे बेकरीवाल्याच्या हातात आठ, टेबलावर चार, ढिगात अठ्ठावीस. मास्तरांच्या हातात सात, टेबलावर चार, ढिगात एकोणतीस. दोघांचीही बेरीज चाळीस.

चष्मेवालीने खिडकीच्या बाजूला उभं राहून सगळं लावलं. आधी दोघांनाही सारखंच: हातात सात, टेबलावर चार, ढिगात एकोणतीस. प्रत्येक ढीग दोनदा मोजला. आता फक्त एक पान ढिगातून काढून बेकरीवाल्याच्या हातच्या पानांत खोचायचं बाकी होतं. तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. निरीक्षक! वीस मिनिटं आधी!

ती टेबलाला वळसा घालून दाराच्या बाजूला आली, डोकावून पाहिलं, केस सारखे केले, घाईघाईने हाताशी होतं त्या तबकातून एक पान काढलं आणि बेकरीवाल्याच्या पानांत सारलं. मग उत्तराच्या कागदावर 'मांडणी तपासली' ह्या ओळीखाली झोकदार सही ठोकली.

निरीक्षक उंच, वाळकुडे, तोंडात पेपरमिंटची गोळी. नात्यातला उमेदवार असला की संघटना बाहेरचा निरीक्षक पाठवते आणि त्या उमेदवाराचे गुण तोच देतो. ते आत आले, त्यांनी हॉलवर एक नजर फिरवली आणि पहिलं वाक्य बोलले, "घड्याळ पुढे आहे."

"हो, पण ते सगळ्यांना माहीत आहे," चष्मेवाली म्हणाली, आणि बोलल्यावर तिला स्वतःलाच ते फारसं पटलं नाही. निरीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं.

लेखी परीक्षा मात्र झकास झाली. चाळीस प्रश्न, पाऊण तास, सहा जणांची खाली घातलेली डोकी आणि पेन्सिलींची कुरकुर. व्यायामशाळेत शिकवणारी एक बाई, गणिताचे एक प्राध्यापक, जुळ्या बहिणी, रात्रपाळी करून थेट आलेली नर्स आणि क्रमांक सहा. सगळे पास झाले. सासूबाईंना अडतीस, सगळ्यांत जास्त. गणिताच्या प्राध्यापकांना छत्तीस मिळाले आणि त्यांचा चेहरा पडला. सासूबाईंनी सुनेकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं, पण जिन्याकडे जाताना त्यांची चालच बदललेली होती.

दुपारी प्रत्यक्ष परीक्षा सुरू झाली. एकेक उमेदवार खालून वर येई. मास्तर हात वर करून "पंच!" म्हणत, बेकरीवाला आकांडतांडव करी, उमेदवार दोघांचं ऐकून बेकरीवाल्याची पानं मोजी. आठ! लगेच निकाल: ताकीद, आणि न बघता काढलेलं एक पान परत ढिगात. पान ढिगात जायच्या आधीच चष्मेवाली खूण करून थांबवी, ते आठवं पान पुन्हा हातात ठेवी, पुढचा उमेदवार बोलावी. ढिगांना कुणी हातच लावत नव्हतं, मग ते मोजायचे कशाला? पाच उमेदवार, पाच बरोबर निकाल. परीक्षा नुसती पळत होती. चष्मेवालीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एकच भानगड होती: बेकरीवाला प्रत्येक वेळी जास्तच रंगात येत होता. पाचव्या वेळी तर त्याच्या डोळ्यांत खरं पाणी आलं.

"उमेदवार क्रमांक सहा," चष्मेवालीने जिन्यात जाऊन हाक मारली.

सासूबाई आल्या. निरीक्षकांनी आपली खुर्ची त्यांच्या पाठीमागे घेतली, मांडीवर कागद ठेवला आणि मान हलवली.

"पंच!" मास्तरांनी हात वर केला.

सासूबाई धावल्या नाहीत. चालत टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "खेळ थांबवा. पानांना हात नको. एकेकाने सांगा, दुसऱ्याने ऐका."

"यांच्या हातात आठ पानं आहेत," मास्तर म्हणाले. "यांनी ह्या पाळीला दोन उचलली."

"साफ खोटं!" बेकरीवाला उठून उभाच राहिला. "मी एक उचललं, एक! चोर ठरवता मला? सगळ्या गावाला पाव देतो मी! आणि ह्या बाई काय निकाल देणार? ह्यांना खेळता तरी येतं का?"

हे शेवटचं वाक्य ठरलेल्या संवादात नव्हतं. चष्मेवालीची नखं तळहातात रुतली. इथेच, अगदी इथेच मागच्या वेळी घोड्याने पेंड खाल्ली होती. सासूबाईंच्या मानेवरची शीर ताठ झाली. त्यांनी एक लांब श्वास घेतला.

"तुमचं म्हणणं मी ऐकलं," त्या म्हणाल्या. "चोर तुम्हाला कुणीही म्हटलेलं नाही. बसा, आणि पानं मला मोजू द्या."

बेकरीवाला मुकाट्याने बसला. चष्मेवालीच्या जिवात जीव आला. सासूबाईंनी हातातली पानं मोजली. आठ. निकालासाठी मिळणाऱ्या आठ मिनिटांतली तीनच गेली होती. आता बोला, आई! ताकीद आणि एक पान परत, एवढंच बोला आणि सुटा! चष्मेवालीचे ओठ नकळत हलायला लागले, म्हणून तिने ते दातांखाली धरले.

"ढीग मोजायचे आहेत," सासूबाई म्हणाल्या. "परवानगी?"

"पंचाला परवानगी लागत नाही," मागून निरीक्षक म्हणाले. "वेळ मात्र चालू आहे."

सासूबाईंनी बेकरीवाल्याच्या तबकातला ढीग जागच्या जागी, कडा बोटांनी सरकवत मोजला. क्रम जराही न मोडता, पाच-पाचच्या टप्प्याने, कारखान्यात मोजायच्या तसा. "एकोणतीस."

चष्मेवाली मनात ओरडली. अठ्ठावीस, आई, अठ्ठावीस! एकतीस वर्षं मोजण्यात घालवली आणि नेमकं आज चुकलात? सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी तोच ढीग पुन्हा मोजला.

"एकोणतीस," त्या म्हणाल्या. मग टेबलाला वळसा घालून मास्तरांच्या तबकापाशी गेल्या. तो ढीगही दोनदा मोजला. "अठ्ठावीस."

दोन मिनिटं उरली होती. सासूबाईंनी विचारलं, "ह्या भांडणाआधी दोघांपैकी कुणी खुर्चीतून उठलं होतं?"

सोंगाड्यांना असला प्रश्न येईल असं कुणी शिकवलं नव्हतं. दोघांनी गोंधळून चष्मेवालीकडे पाहिलं. "नाही बुवा," मास्तर म्हणाले. बेकरीवाल्यानेही मान हलवली.

"बसल्या जागेवरून समोरच्याच्या तबकापर्यंत हात नेऊन दाखवा."

बेकरीवाल्याने हात लांब केला. तबक टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्यात होतं. हात अर्ध्यातच थांबला.

"निकाल," सासूबाई ताठ उभ्या राहिल्या. "यांच्याकडे आठ, चार आणि एकोणतीस, म्हणजे एक्केचाळीस पानं आहेत. त्यांच्याकडे एकोणचाळीस. यांनी स्वतःच्या ढिगातून दोन उचलली असती, तर बेरीज चाळीसच राहिली असती. आठवं पान त्यांच्या ढिगातलं आहे, आणि तिथे यांचा हात पोचत नाही. म्हणजे ते खेळ सुरू होण्याआधीच इथे आलं. चूक मांडणाऱ्याची. खेळाडू दोघेही निर्दोष. डाव रद्द, मांडणी नवी."

चष्मेवालीच्या तोंडचं पाणी पळालं. बूट वाजले तेव्हा आपण वळसा घालून दाराच्या बाजूला गेलो होतो. खिडकीच्या बाजूने हाताशी बेकरीवाल्याचं तबक होतं. दाराच्या बाजूने हाताशी होतं ते मास्तरांचं! दुसऱ्याच्या डोळ्यांतला पाव नंबर ओळखणारी ही बाई, आणि स्वतःच्या हाताखालचं तबक तिला ओळखू आलं नाही. पाच उमेदवार त्याच टेबलावरून पास होऊन खाली चहा पीत होते.

निरीक्षकांनी मांडीवरचा कागद उचलला. "परीक्षक, मांडणी तपासल्याची ही सही तुमची?"

"हो."

"सहीप्रमाणे ह्या ढिगात अठ्ठावीस आणि त्या ढिगात एकोणतीस. आधीच्या पाचही जणांचा निकाल त्याच्याशी जुळला." ते थोडा वेळ गोळी चघळत राहिले. "मी मागे बसलो होतो, मला यांचे हात दिसले नाहीत. मोजताना एक पान इकडचं तिकडे झालेलं दिसतंय. मला उत्तराच्या कागदाप्रमाणेच गुण द्यावे लागतील."

निकाल दिल्यावर उमेदवाराने वाद घालायचा नसतो. सासूबाईंनी घातला नाही. त्या हात मागे बांधून उभ्या राहिल्या. सुनेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आज हॉलमध्ये त्यांना सून नव्हती, हे सकाळीच ठरलेलं होतं. मग त्यांनी आपल्या उजव्या हाताची बोटं समोर धरली आणि ती दुसऱ्या कुणाची असावीत तशी पाहिली.

चष्मेवालीने ते पाहिलं. आपण बोललो तर काय होणार, हे तिला लख्ख दिसत होतं. खोटी सही, चार महिन्यांचा परवाना, आणि सून सासूला पास करायला धडपडते आहे असं जो तो म्हणणार. न बोललो तर कुणाला कधी कळणारही नाही. सासूबाईंनासुद्धा नाही. त्या घरी जातील, जाकीट कपाटाच्या मागच्या खुंटीला टांगतील, आणि उरलेला जन्म स्वतःच्या बोटांवर संशय घेत काढतील. चमचेसुद्धा मोजणार नाहीत. छे! हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

निरीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

चष्मेवालीने हात वर केला. कोपर ताठ, बोटं जुळलेली, कॉलेजात पाहिलेल्या त्या दांडग्या गड्यासारखा. "पंच!"

बेकरीवाल्याचं तोंड उघडं राहिलं. निरीक्षकांचं पेन कागदाच्या बोटभर वर थांबलं. आणि सासूबाई, ज्यांना अजून कुणी पंच केलेलं नव्हतं, त्या हाक आलेल्या बाजूला वळल्या.

"खेळ थांबवा," त्या म्हणाल्या. आवाज आधी कापला, मग स्थिरावला. "पानांना हात नको. सांगा, परीक्षक."

"चूक माझी आहे," चष्मेवाली म्हणाली. "आठवं पान मी ठेवलं. ते बेकरीवाल्यांच्या तबकातून घ्यायचं होतं. मी दाराच्या बाजूला गेले आणि हाताशी आलेल्या तबकातून घेतलं. ते मास्तरांचं होतं. सकाळपासून टेबल असंच आहे. ह्या उमेदवारांनी बरोबर मोजलंय."

"पान ठेवल्यावर ढीग पुन्हा मोजले होते का?"

"नाही. ठेवायच्या आधी मोजले होते."

"नंतर का नाही?"

"निरीक्षक लवकर आले. आणि आज माझ्या सासूबाईंची परीक्षा होती. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं."

मास्तरांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. सासूबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला आणि त्यांनी तो लगेच जागेवर आणला.

"कारण ऐकलं. ते चालणार नाही," त्या म्हणाल्या. "मांडणाऱ्याला ताकीद. पहिली. स्वतःहून हात वर केला म्हणून पुरावा मागायचा नाही, आणि हकालपट्टी नाही. नोंद करा."

शेवटचे दोन शब्द त्या कुणाला उद्देशून बोलल्या ते त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं. निरीक्षक त्यांच्याकडे बघत राहिले. गोळी चघळायची थांबली होती. मग ते खुर्चीतून उठले, दाराच्या बाजूला जाऊन उभे राहिले, हात लांबवून पाहिला, आणि हात मास्तरांच्या तबकावर पडला. खिडकीच्या बाजूला गेले. हात बेकरीवाल्याच्या तबकावर पडला. दोन्ही ढीग त्यांनी स्वतः मोजले आणि परत खुर्चीत येऊन बसले.

"मीही सकाळी मोजायला हवे होते," ते म्हणाले. "मी घड्याळ बघत बसलो." त्यांनी उत्तराच्या कागदावर आडवी रेघ मारली. "नियमपुस्तकात दोन्ही ढीग मोजा असं लिहिलेलं आहे. वीस वर्षांत मोजताना कुणाला पाहिलं नव्हतं. क्रमांक सहा, उत्तीर्ण."

बेकरीवाला टाळ्या पिटत उठला आणि त्याच्या कोपराने टेबलावरची पानं जमिनीवर गेली. कुणी त्याला बोललं नाही. चष्मेवालीला हसू आणि रडू एकदमच फुटलं. ती धावत जाऊन सासूबाईंना मिठी मारणार तेवढ्यात निरीक्षकांनी बोट वर केलं.

"परीक्षक. तुमची ताकीद मी संघटनेला कळवणार. परवाना राहील. पण खालच्या पाचही जणांची प्रत्यक्ष परीक्षा पुन्हा, आत्ता, नव्या मांडणीवर. आणि मांडणी तुम्ही एकटीने करायची नाही. समोर एक प्रमाणित पंच उभा पाहिजे."

"प्रमाणित पंच आत्ता कुठून आणू?" चष्मेवाली डोळे पुसत म्हणाली.

सगळे सासूबाईंकडे बघत होते. सासूबाई लाल झाल्या. मग त्यांनी भिंतीपाशी ठेवलेली आपली पिशवी उघडली, वरची छत्री बाजूला केली, पाण्याची बाटली बाजूला केली, आणि तळातून घडी घातलेलं काळं जाकीट काढलं.

"आणलं होतं असंच," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "पिशवीत जागा होती म्हणून."

जाकीट घातलं तर चिठ्ठी मानेपाशी लोंबायला लागली. कात्री कुणाकडेच नव्हती. चष्मेवाली त्यांच्या मागे गेली, वाकली, आणि तिने तो दीड वर्षाचा दोरा दातांनी तोडला.

"माझ्यामुळे डोकं ठिकाणावर नव्हतं काय?" सासूबाईंनी मान न वळवता हळूच विचारलं.

"तुमच्यामुळेच, आई."

"वेडी," सासूबाई म्हणाल्या, आणि मागे हात नेऊन त्यांनी सुनेचा हात घट्ट दाबला. मास्तरांनी खाली निरोप पोचवला होता; तेवढ्यात जिन्यावरून गणिताच्या प्राध्यापकांचा आवाज आला. पुन्हा परीक्षा? का म्हणून? कोणत्या नियमाने? निरीक्षक त्यांना नियम सांगायला दाराकडे गेले.

पानं जमिनीवरून गोळा झाली, गड्ड्या वेगळ्या झाल्या. चष्मेवाली खिडकीच्या बाजूला उभी राहिली. सासूबाई समोर, जाकिटाची सगळी बटणं लावून. सात, चार, एकोणतीस. सात, चार, एकोणतीस. मग चष्मेवालीने बेकरीवाल्याच्या तबकातून एक पान उचललं, सासूबाईंना दाखवलं आणि हातातल्या पानांत ठेवलं.

"आता ढीग," सासूबाई म्हणाल्या. "मोठ्याने मोज."

"सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस."

"दुसरा."

"सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. जुळलं, आई!"

"पुन्हा," सासूबाई म्हणाल्या.